चार पाकळ्यांचा डोळा

सूर्य कधीच न पाहिलेला एक डोळा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी होता. सीडी किंवा डीव्हीडी वाजवणाऱ्या यंत्राच्या पोटात, पत्र्याच्या झाकणाखाली, तो मिट्ट काळोखात बसलेला असे. कारखान्यात जागेवर चिकटवला गेला त्या दिवसापासून त्याने एकच दिवा पाहिला: शेजारीच बसवलेला, मिलिमीटरभराहूनही लहान असा लेझर. त्या दिव्याचा किरण फिरत्या चकतीवर जाई, तिथून माघारी वळे आणि या डोळ्यात शिरे. गाणी, सिनेमे, लग्नाच्या चित्रफिती, कुणाचे हिशेब, कुणाचे प्रबंध, सगळं त्याच्यासमोरून गेलं. त्यातलं काहीही त्याला कळलं नाही. त्याला कळला तो फक्त उजेड. कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी.

हा डोळा म्हणजे फोटोडायोड, सिलिकॉनचा एक तुकडा. पृथ्वीच्या कवचात वजनाने जवळजवळ २८ टक्के सिलिकॉन आहे. नदीकाठच्या वाळूत ते ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. त्याला तिथून सोडवायचं, अब्जात एक कण एवढीही भेसळ उरणार नाही इतकं शुद्ध करायचं आणि मग मोजूनमापून दुसऱ्या मूलद्रव्यांचे थोडे अणू त्यात घालायचे. अशा तुकड्यावर प्रकाशाचा कण पडला की आतला एक इलेक्ट्रॉन जागचा सुटतो. तुकड्याच्या आत दोन प्रकारच्या सिलिकॉनचा सांधा असतो. तिथलं विद्युतक्षेत्र त्या इलेक्ट्रॉनला एका बाजूला ओढतं आणि प्रवाह वाहू लागतो. कण जास्त तर प्रवाह जास्त. एवढंच त्याचं पाहणं. पण ज्या द्रव्याने तो पाहतो ते सूर्याहून जुनं आहे. कधीकाळी मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात ऑक्सिजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळले, त्यातून सिलिकॉन घडलं, तारे फुटले आणि ते अवकाशभर विखुरलं. एका ताऱ्याच्या राखेने दुसऱ्या ताऱ्याचा उजेड ओळखावा, अशी ही गोष्ट आहे.

हा डोळा ज्या कामासाठी घडवला गेला ते कामही काही हलकं नव्हतं. १९८२ साली जपानमध्ये सीडी वाजवणारी पहिली यंत्रं विक्रीला आली. १२ सेंटीमीटर व्यासाची चकती आणि तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट. ती उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. शेजारशेजारच्या दोन वळणांत १.६ मायक्रोमीटरचं अंतर. वाटेवर खळगे, आणि खळग्याची खोली प्रकाशाच्या प्लास्टिकमधल्या तरंगलांबीच्या साधारण पाव हिश्श्याएवढी. खळग्यातून परतणारा तरंग काठावरून परतणाऱ्या तरंगाच्या तुलनेत अर्ध्या तरंगलांबीने मागेपुढे होतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. चकतीवर काळं असं काहीच नसतं. लखलखीत ॲल्युमिनियमवर उजेड पडून अंधार तयार होतो. मोर हीच विद्या आपल्या आधी फार वर्षं जाणतो. मोरपिसात निळं रंगद्रव्य नाही, आहे ते काळसर-तपकिरी. निळाई आणि हिरवाई येते ती पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवर तरंग एकमेकांत मिसळल्यामुळे.

खळगे वाचण्याहून अवघड असतं ते त्यांच्यावर नजर ठरवणं. फिरताना चकती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली डोलली तरी चालतं. भिंगाला मात्र दोनेक मायक्रोमीटरची चूकही माफ नसते. म्हणून हा डोळा एकसंध नाही, त्याच्या चार पाकळ्या आहेत. किरणाच्या वाटेत एक दंडगोलाकार भिंग बसवलेलं असतं. अंतर नेमकं असलं की पाकळ्यांवर पडणारा ठिपका गोल दिसतो. चकती जवळ आली तर तो एका कर्णाच्या दिशेने लांबट होतो, दूर गेली तर दुसऱ्या कर्णाच्या. समोरासमोरच्या दोन पाकळ्यांची बेरीज करायची, तिच्यातून उरलेल्या दोघींची बेरीज वजा करायची. उत्तर शून्य आलं की भिंग जागेवर आहे. नाही आलं तर कुठे सरकायचं ते उत्तराचं चिन्हच सांगतं. मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढ्या जागेत हा तराजू सेकंदाला हजारो वेळा तोलला जातो.

मग एक दिवस यंत्र अडकू लागतं. दुरुस्तीवाला झाकण उघडतो, एक चकती लावून बघतो आणि निकाल देतो, ‘लेन्स गेलीय.’ भिंग, लेझर आणि डोळा एकत्र बसवलेल्या सबंध पिकअपलाच तो लेन्स म्हणतो. पण बहुतेक वेळा भिंगाला काही झालेलं नसतं आणि डोळ्यालाही नाही. मंदावलेला असतो तो लेझर. वर्षानुवर्षं जळून त्याचं तेज उतरलेलं असतं. कधी भिंगावर नुसती धूळ बसलेली असते, कधी सरकपट्टीवरचं वंगण वाळलेलं असतं. डोळ्यात झिजावं, जळावं असं जवळजवळ काही नसतं. घरातला दिवा विझला म्हणून घरातल्या माणसांना आंधळं ठरवावं, तसा तो दिव्यासकट भंगारात जातो. आता तर नव्या लॅपटॉपमधून ड्राइव्हच गेला. पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या ड्राइव्हांच्या चळती वजनावर विकल्या जातात.

त्यातल्या त्यात चकतीचं नशीब बरं. जोंधळ्याच्या शेतात पाखरं हुसकायला दोरीला टांगलेल्या चकत्या वाऱ्यावर गरगरतात, आणि त्याच १.६ मायक्रोमीटरच्या वळणांवरून सूर्याचे रंग सुटे करून कणसांवर फेकतात. डोळ्याच्या वाट्याला हेही येत नाही. तो काळोखातून काळोखात जातो, ड्राइव्हच्या पोटातून पोत्यात.

तो बाहेर काढायला फार काही लागत नाही. बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा आणि धीर. पिकअप सुटा केला की लवचिक पट्टीच्या एका टोकाला पारदर्शक खिडकीचा चिमुकला चौकोन सापडतो. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं की आतल्या पाकळ्या आणि त्यांच्यामधली अधिकच्या चिन्हासारखी बारीक फट दिसते. जुन्या सीडी-यंत्रांत हा डोळा बहुधा नुसता असतो, पाकळी आणि तिच्यातून निघालेली तार. डीव्हीडीच्या काळात प्रत्येक पाकळीमागे तिचा प्रवर्धक त्याच तुकड्यावर आला. पाच व्होल्टचा पुरवठा दिला की तो प्रवाहाऐवजी थेट व्होल्टेज हाती देतो. पहिला संथ कामाला बरा, दुसरा वेगाच्या. आणि वेग तरी किती? सीडी तिच्या मूळ चालीने फिरत असली तरी डोळ्यासमोरून सेकंदाला ४३ लाखांहून अधिक खुणा सरकतात. आपल्या डोळ्याला सेकंदात साठेक वेळा लुकलुकणारा दिवा सलग पेटलेला वाटतो. घरमाशी अडीचशेच्या आसपास फसते. हा डोळा तिथे थांबतही नाही.

इतका चपळ डोळा उन्हात आणला की काय दिसेल? मला वाटतं, त्याला दाखवण्यापेक्षा त्याचं ऐकावं. डोळ्याच्या दोन तारा, मध्ये एक कपॅसिटर, मग लहानसा प्रवर्धक आणि कानाला हेडफोन. कपॅसिटर स्थिर प्रवाहाला अडवतो आणि बदलणाऱ्याला वाट देतो. त्यामुळे स्थिर उजेड म्हणजे शांतता, आणि हलता उजेड म्हणजे आवाज. भर दुपारी चौरस मीटरभर जमिनीवर साधारण १००० वॅट इतकं ऊन बरसतं. या डोळ्याची खिडकी एवढी लहान, की त्यातले दहाएक मायक्रोवॅटच त्याच्या पदरी पडतात. जन्मभर अंधारात बसलेल्याला तेवढे पुष्कळ होतात.

प्रकाश ऐकण्याचा हा नाद जुना आहे. १८८० साली वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स सम्नर टेंटर यांनी माणसाचा आवाज सूर्यकिरणावर बसवून २१३ मीटर दूर पाठवला. बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ आरसा थरथरे, त्यावरून परतणारं ऊन त्याबरोबर कमीजास्त होई, आणि पलीकडे सेलेनियमच्या घटावर पडून त्याचा पुन्हा शब्द होई. विसावं शतक उजाडताना कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस गॅलिना या शिशाच्या खनिजावर तारेचं टोक टेकवून बसले होते. त्यांचा तो स्फटिक रेडिओ-लहरींना प्रतिसाद देई आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशालाही. १९०१ साली अर्ज केलेलं त्याचं अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं. त्या उपकरणात त्यांना कृत्रिम नेत्रपटल दिसत होतं. पुढे १९४० साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांच्या हाती तडा गेलेला सिलिकॉनचा एक तुकडा आला. उजेड पडताच त्यातून वीज वाहू लागली, कारण दोन प्रकारच्या सिलिकॉनचा सांधा त्या तुकड्यात आपोआप तयार झालेला होता. आपल्या भंगारातल्या डोळ्याचं कूळ त्या तुकड्यापर्यंत जातं. एका सदोष तुकड्याला कुणी टाकून दिलं नाही, म्हणून हे सगळं पुढचं घडलं.

हा डोळा तळहातावर धरून घरातून निघावं. ट्यूबलाइटखाली जाड, सलग घरघर ऐकू येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणून ही शंभर हर्ट्झची घरघर. काही एलईडी दिवे तिच्या वरच्या पट्टीत किणकिणतात. आयुष्याची रात्रीमागून रात्र या घरघरीत काढूनही आपल्याला तिचा पत्ता नसतो. मग उंबरा ओलांडून अंगणात, उन्हात पाऊल टाकावं. घरघर थांबते. सूर्याला घरघर नाही. दिवे आपण हजारो केले, पण न थरथरणारा उजेड कसा असतो ते कळायला उन्हातच यावं लागतं.

त्या शांततेवर मग जग आपापल्या खुणा उमटवू लागतं. पिंपळाच्या पानाला लांब, लवचिक देठ असतो. वारा नाही असं आपण म्हणतो तेव्हाही ते हलत असतं. पिंपळाखाली सळसळ दोनदा ऐकू येते, एकदा वाऱ्यातून आणि एकदा उन्हातून, आणि त्या दोन सळसळी अगदी एकसारख्या नसतात. ओढ्याच्या उथळ पाण्यावरून परतणारं ऊन तडतडतं. प्रत्येक लाट क्षणभर आरसा होते आणि मोडते. तुळशीच्या मंजिरीशी डोळा ठेवला आणि एखाद्या मधमाशीची सावली नेमकी खिडकीवरून गेली, तर एक छोटा सूर उमटतो. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख मारते, घरमाशी दोनशेच्या आसपास, डासाची मादी त्याहून बरीच वर. पंखाच्या प्रत्येक फटकाऱ्याला ऊन एकदा तुटतं आणि एकदा जुळतं. कानाला ऐकू येतो तो या तुटण्याजुळण्याचा सूर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी उजेडाची पट्टी ओलांडून जाणाऱ्या कीटकांची जात पंखांच्या या गतीवरून ओळखायला अशाच स्वस्त प्रकाशसंवेदकांचा उपयोग केला. त्यांना रोगवाहक डास वेगळे काढायचे होते. मला मात्र मंजिरीवरच्या त्या सुरापाशी एवढंच जाणवतं, की आपण ज्याला निवांत दुपार म्हणतो तिच्यात केवढी लगबग चाललेली असते.

आता चार पाकळ्यांकडे पुन्हा येऊ. झाडाखालचे कवडसे गोल का असतात? पानांमधल्या फटी तर नाना आकारांच्या, वाकड्यातिकड्या. कवडसे गोल असतात कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात त्याच झाडाखाली, त्याच फटींतून चंद्रकोरी सांडतात तेव्हा हे गुपित फुटतं. कवडशाचा व्यास फटीच्या अंतराच्या साधारण १०७व्या हिश्श्याएवढा असतो; दहा मीटर उंचीवरच्या फटीखाली नऊएक सेंटीमीटरचा. हाच हिशेब खाली आणावा. एक सेंटीमीटर नाभीय अंतराचं छोटं भिंग घेतलं तर त्यामागे सूर्याची प्रतिमा ०.०९ मिलिमीटरची पडते. चार पाकळ्यांच्या आपल्या डोळ्यात नेमका मावेल एवढा कवडसा! भिंगापुढे काळ्या कागदाला सुईने पाडलेलं भोक ठेवायचं, म्हणजे ऊन डोळ्याला सोसेल. मग सगळं घट्ट बसवायचं आणि हात लावायचा नाही. सूर्य आकाशात स्वतःच्या व्यासाएवढं अंतर दोनेक मिनिटांत चालतो. तेवढ्या वेळात तो कवडसा पश्चिमेकडच्या पाकळ्यांवरून पूर्वेकडच्या पाकळ्यांवर सरकतो, एका बाजूचा आकडा उतरतो, दुसऱ्या बाजूचा चढतो. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. इथे ते एका वजाबाकीत, डोळ्यांदेखत घडतं.

दोन बाजूंच्या फरकातून दिशा ओळखण्याची ही रीत झाडांनी केव्हाच साधली आहे. सूर्यफुलाचं कोवळं रोप दिवसभर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत जातं. दिवसा त्याच्या खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेकडची. त्या फरकाने शेंडा सूर्यामागे जातो आणि पहाटेआधी पुन्हा पूर्वेला येऊन वाट पाहतो. फूल पुरतं उमललं की हे फिरणं थांबतं आणि ते पूर्वेलाच तोंड करून राहतं.

माणसाने हीच वजाबाकी फार लांबवर नेली. तैवानच्या अकादेमिया सिनिका या संस्थेतल्या संशोधकांनी डीव्हीडीचं पिकअप वापरून अणुबल सूक्ष्मदर्शक उभा केला. एक बारीक पट्टी पृष्ठभागावरून सरकते, तिचं नॅनोमीटरभर वाकणं हाच चार पाकळ्यांचा डोळा टिपतो. दुसऱ्या टोकाला गुरुत्वतरंगांच्या वेधशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना पहिला गुरुत्वतरंग मिळाला. टांगलेल्या आरशांचा झोल ओळखायला आणि किरण सरळ ठेवायला तिथेही चार भागांचे प्रकाशसंवेदक पहारा देतात. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभारायचं ठरलं आहे. तिथले डोळे अर्थातच जुन्या बाजारातले नसतील. पण त्यांचीही नजर चार भागांची तुलना करूनच स्थिर राहील.

या डोळ्याच्या रंगांविषयी सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. सिलिकॉनला साधारण ४०० पासून ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो. आपली नजर सातशेच्या थोडं पुढे विझते. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, आपल्या नजरेच्या पलीकडचा; डीव्हीडीचा ६५० चा, लालभडक. आता हिरवं पान घ्या. हरितद्रव्य ६६० च्या आसपासचा लाल प्रकाश अधाशासारखा गिळतं. निरोगी पानावरून त्यातला जेमतेम पाच टक्के माघारी येतो. सातशे ओलांडले की पान एकदम पालटतं आणि पुढच्या अवरक्त प्रकाशातला निम्म्याच्या जवळपास परत फेकतं. तो प्रकाश पानाला अन्न करायला उपयोगी नाही, मग तापून तरी का घ्यायचं? अवरक्त पाहू शकणाऱ्याला वैशाखातलं आंब्याचं झाड पांढरंशुभ्र दिसेल.

भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्याच्या कॅमेऱ्यांचा एक पट्टा ६२० ते ६८० नॅनोमीटरचा होता, दुसरा ७७० ते ८६० चा. पहिल्यात पीक काळोखं दिसतं, दुसऱ्यात उजळ; त्या दोहोंच्या फरकावरून पीक जोमात आहे की सुकतंय ते कळतं. म्हणजे ज्या दोन रंगांत आपण सिनेमे आणि गाणी वाचली, तेच दोन रंग वरून शिवारं वाचत होते. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. लेझर बनवणाऱ्यांनी त्यांच्या स्फटिकांचं बघितलं, उपग्रहवाल्यांनी पानांचं. पण त्यामुळे भंगारातला हा डोळा पानासमोर धरला, त्यावर आळीपाळीने लाल एलईडी आणि रिमोटमधला अवरक्त एलईडी पाडला, की शाळेतल्या मुलालाही उपग्रहाची विद्या टेबलावर करून पाहता येते. वडाचं हिरवं पान लालमध्ये जवळजवळ गप्प असतं. तेच पिकून पिवळं झालं की हरितद्रव्य विरलेलं असतं आणि लाल प्रकाश मोकळा परततो. पानगळ आकड्यांत मोजता येते आणि तरी तिची उदासी कमी होत नाही, हे मला फार दिलासा देणारं वाटतं.

एका ठिकाणी मात्र हा डोळा हरतो, आणि तिथे त्याला हरू द्यावं. मृगाच्या आगेमागे, पाऊस दाराशी आलेला असताना, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांच्यावर काजवे उतरतात. झाडच्या झाड उजळतं, मालवतं, पुन्हा उजळतं. वाटतं, हा ताल या चपळ डोळ्याला ऐकवावा. पण काही मीटरवरच्या काजव्याच्या उजेडातला जो अंश एवढ्याशा खिडकीत शिरतो तो इतका अल्प असतो, की प्रवर्धन कितीही वाढवलं तरी वाढते ती यंत्राची स्वतःचीच खरखर. तिथे मोठ्या खिडकीचा फोटोडायोड हवा.

किंवा आपण स्वतः. १९४२ साली सेलिग हेश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवून दिलं, की अंधाराला सरावलेल्या नेत्रपटलाने अवघे पाच ते सात प्रकाशकण टिपले तरी माणसाला उजेड दिसल्याची जाणीव होऊ शकते. सुमारे ५० कोटी वर्षं समुद्रात आणि जमिनीवर घडत आलेलं हे इंद्रिय आहे, आणि ते आपल्याला फुकट मिळालं आहे. फक्त त्याला अंधारात अर्धा तास द्यावा लागतो. एका मोबाइलचा झोत तो अर्धा तास क्षणात पुसून टाकतो. बघणाऱ्याचाही आणि जोडीदार शोधणाऱ्या काजव्याचाही.

म्हणूनच फोटोडायोडची एक गोष्ट मला पूज्य वाटते. तो स्वतः उजेड टाकत नाही. जे आलं ते घेतो, आणि जेवढं आलं तेवढंच सांगतो. लेझर त्याच्याजवळ होता तोवर तो एका प्रश्नाचं उत्तर ऐकत होता. लेझर गेल्यावर त्याला न विचारलेल्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. जंगलात शिरताना आपलीही रीत अशीच असावी. आपण हातात झोत घेऊन जातो आणि झोतापुरतंच बघून परततो. निसर्गाचं दर्शन घ्यायचं तर आधी आपला दिवा खाली ठेवावा लागतो.

कुणाला हा डोळा काढावासा वाटला तर दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पिकअपमधल्या लेझरला वीज देऊ नये. सीडीचा किरण आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही आणि इजा होऊन जाते. डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हचा लाल लेझर तर शंभर मिलिवॅटच्या पुढेही जाऊ शकतो. आणि भिंगातून सूर्याकडे पाहण्याचं काम सिलिकॉनचं, आपलं नव्हे. उरलेलं सर्किट आणि प्लास्टिक ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावं. शाळेत शिकवणाऱ्यांनी असे चार डोळे जमवून मुलांना एकदा ट्यूबलाइट आणि एकदा ऊन ऐकवावं. प्रकाशाच्या धड्याला याहून स्वस्त साधन मिळणार नाही. घरातला ड्राइव्ह बंद पडला असेल तर तो खुशाल भंगारात घाला, पण त्याआधी त्याचा डोळा तेवढा काढून घ्या. तो बिघडलेला नसतो.